वही, हेडफोन आणि कोरी पाटी: फिरत फिरत गूढ उकलायच्या गेम्स कशा खेळायच्या

गेम सुरू होतो आणि तुम्ही एका रिकाम्या जागी उभे असता. समोर बंद घर, नाहीतर धुक्यातलं बेट, नाहीतर माणूसच नसलेलं जहाज. हातात बंदूक नाही, कोपऱ्यात नकाशा नाही, 'इकडे जा' म्हणणारा बाण नाही, आणि बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. पंधरा मिनिटं इकडेतिकडे फिरतात, काही होत नाही, 'बोअर आहे राव' म्हणून बंद करतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या प्रकारच्या गेम्सनी मला जे दिलंय ते दुसऱ्या कुठल्याच गेमने दिलेलं नाही, फक्त त्या खेळायची पद्धत वेगळी आहे आणि ती कुणी सांगत नाही. म्हणून जमेल तसं सगळं इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. या गेम्समध्ये तुमची लेव्हल वाढत नाही, तुम्हाला जे कळलंय तेवढीच तुमची कमाई. आउटर वाइल्ड्स बघा, अंतराळात फिरायची २०१९ ची गेम आहे, मोबियस डिजिटल नावाच्या छोट्या टीमची. त्यात पहिल्याच दिवशी जे यान मिळतं तेच शेवटपर्यंत, नवं इंजिन नाही, चांगला सूट नाही, विकत घ्यायला काहीच नाही. कुठे जायचं आणि काय करायचं हे माहीत असेल तर सुरुवातीपासूनच सगळीकडे जाता येतं, अडवतं ते फक्त तुमचं माहीत नसणं. म्हणजे अशी गेम आयुष्यात एकदाच खेळता येते, एकदा कळलं की कळलं, परत कोरी पाटी मिळत नाही. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं ही कोरी पाटी सांभाळण्यासाठीच.

मी एकदा ती घालवलीय. दोन रात्री एका ठिकाणी अडकलो होतो, वैतागून एक व्हिडिओ उघडला, म्हटलं एवढंच बघू आणि बंद करू. त्या माणसाने माझं उत्तर सांगितलं आणि त्याच वाक्यात पुढच्या जागेचंही सांगून टाकलं. पुढची ती जागा म्हणजे त्या गेममधली सगळ्यात भारी जागा होती हे मला नंतर कळलं, पण मी तिथे पोचलो तेव्हा काहीच वाटलं नाही, नुसतं बघितलेलं परत बघितल्यासारखं झालं. ती हुरहूर अजून आहे.

पहिली गेम कुठली घ्यावी

थेट मोठ्या गेममध्ये उडी मारू नका असं माझं मत आहे. गॉन होम घ्या, २०१३ ची आहे, दोन-तीन तासांत संपते, एकच घर आहे आणि मरायची भीती नाही. किंवा फायरवॉच, २०१६ ची, चार-पाच तासांची, १९८९ सालचं वायोमिंगचं जंगल, टेहळणी मनोऱ्यावर एक माणूस आणि वॉकीटॉकीवरून बोलणारी एक बाई. या दोन्हींत कोडी जवळजवळ नाहीत, पण जागा 'वाचायची' सवय लागते. मग द व्हॅनिशिंग ऑफ ईथन कार्टर, २०१४ ची, ती सुरुवातीलाच स्वच्छ सांगते की मी तुम्हाला हाताला धरून नेणार नाही. त्यानंतर रिटर्न ऑफ द ओब्रा डिन आणि आउटर वाइल्ड्स, या दोघींना आठ-दहा ते वीस तास धरून चाला, आणि तेही मोकळ्या डोक्याचे तास.

निवडताना ट्रेलर एकच बघा, शक्यतो तोही अर्धा. स्टोअरच्या पानावर खाली रिव्ह्यू वाचत बसू नका, लोक कौतुकाच्या भरात भलतंच सांगून जातात. अचिव्हमेंटची, म्हणजे गेममध्ये काही साधलं की मिळणाऱ्या बिल्ल्यांची यादीही उघडू नका, नुसत्या नावावरूनही शेवटाचा अंदाज येऊ शकतो.

बसायच्या आधीची तयारी

हेडफोन लावाच. ही शोभेची गोष्ट नाही, अर्धे धागेदोरे कानाला सापडतात. आउटर वाइल्ड्समध्ये सिग्नलस्कोप नावाचं यंत्र असतं, ते आकाशाकडे धरून फिरवलं की लांबच्या ग्रहावरून बँजो ऐकू येतो, दुसरीकडून बासरी, तिसरीकडून हार्मोनिका, आणि प्रत्येक वाद्याच्या मागे कुणीतरी बसलेलं असतं. सुरुवातीच्या गावात दोन पोरं तुमच्याशी लपाछपी खेळतात ती याच यंत्राच्या सरावासाठी, ती टाळू नका. आणि पहिल्या रात्री नुसतं उभं राहून सगळ्या दिशांना कान लावून बघा, मी तसं केलं तेव्हा यान उडवायच्या आधीच कुठे कुठे जायचंय याची यादी हातात होती.

सबटायटल चालू ठेवा, कारण एखादं नाव ऐकून चुकीचं लिहिलं गेलं तर पुढे तीन तास त्या चुकीच्या नावामागे फिराल. ब्राइटनेसची पट्टी गेम सांगते तशीच लावा, जास्त उजेड केला तर अंधाराचा सगळा परिणाम जातो आणि कमी केला तर भिंतीवरची अक्षरं दिसत नाहीत. ज्यांना फर्स्ट पर्सनमध्ये, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून बघताना गरगरतं त्यांनी हेड बॉब (चालताना चित्र वरखाली हलणं) आणि मोशन ब्लर (वळताना चित्र धूसर होणं) बंद करावं, फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी दिसणारा आवाका) थोडं वाढवावं आणि स्क्रीनच्या मधला ठिपका चालू ठेवावा, फरक पडतो. ओब्रा डिनचं ते काळं-पांढरं टिपक्यांचं चित्र डोळ्यांना टोचत असेल तर सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटर्सच्या नावाने वेगवेगळ्या रंगछटा दिल्यात, त्यातली सोसेल ती घ्या.

दोन सेटिंग मात्र आवर्जून बघा. आउटर वाइल्ड्समध्ये वाचताना वेळ थांबवायची सोय आहे, ती चालू करा, नाहीतर भिंतीवरचं लिखाण घाईघाईत वाचाल आणि नेमकं महत्त्वाचं सुटेल. आणि फायरवॉचमध्ये नकाशावरचा 'तुम्ही इथे आहात' वाला ठिपका बंद करता येतो. तो बंद केला की कंपास आणि नकाशा हातात धरून खरंच वाट शोधावी लागते, मग झाडं दिसायला लागतात, दगड ओळखीचे होतात. ठिपका चालू असला की आपण जंगलाकडे बघतच नाही, ठिपक्याकडे बघत चालतो.

फोन लांब ठेवा. नोटिफिकेशन आलं की जी तंद्री लागलेली असते ती जाते, परत लागायला वीस मिनिटं जातात.

पहिला तास

धावू नका. पळायचं बटण असलं तरी पहिल्यांदा नव्या जागी पोचलात की चालतच जा. दारातून आत शिरलं की आधी उभं राहायचं, एकदा वर, एकदा खाली, मागे वळून आलो ती बाजू, मग पुढे. मागे वळून बघणं लोक फार विसरतात आणि दाराच्या आतल्या बाजूला कायकाय चिकटवलेलं असतं!

गॉन होमची सुरुवात उदाहरणाला घेऊ, यात गोष्टीतलं गुपित काही फुटत नाही. तारीख ७ जून १९९५, रात्री सव्वा एकचा सुमार, बाहेर पाऊस, मोठी मुलगी युरोपातून घरी परत आलीय. दाराला धाकट्या बहिणीची चिठ्ठी आणि दार कुलूपबंद. लोक काय करतात, दार चार वेळा ढकलतात, बाहेर जाता येतं का बघतात, चिडतात. अहो, ज्या पोर्चमध्ये उभे आहात तिथेच बघा की! काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या पाच मिनिटांत गेम तुम्हाला शिकवते की वस्तू उचलायची, फिरवून खालची बाजू बघायची, मगच ठेवायची, आणि हे सगळं घर असंच बघायचंय. घरात शिरल्यावर माझी एक साधी युक्ती आहे, खोली नीट बघून झाली की तिथला दिवा चालू ठेवून निघायचं. म्हणजे अंधारी खोली म्हणजे बघायची राहिलेली खोली, एवढ्या मोठ्या घरात वेगळा हिशोब ठेवावा लागत नाही.

प्रत्येक जागेला मनात तीन प्रश्न विचारायचे. इथे कोण राहत होतं, ते इथून कसं गेलं, आणि इथे असायला हवं असं काय नाहीये? तिसरा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी. टेबलावर दोन ताटं आणि खुर्ची एकच असेल तर लिहून ठेवा, आत्ता अर्थ लागत नसेल तरी.

वही

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. १९९३ साली मिस्ट नावाची गेम आली तेव्हा तिच्या खोक्यात एक कोरी वही घातलेली असायची, टिपणं काढायला. बनवणाऱ्यांनाच माहीत होतं की हा खेळ अर्धा स्क्रीनवर आणि अर्धा कागदावर होणारे. आज खोकं नाही, वही नाही, म्हणून लोक विसरले, पण गरज तितकीच आहे.

स्क्रीनशॉट काढा की, जरूर काढा, अनोळखी लिपी, चिन्हं, यंत्रावरची चित्रं यांचे तर काढाच. पण त्यावरच विसंबू नका. तीनशे स्क्रीनशॉट जमतात आणि एकही परत उघडला जात नाही. हाताने काढलेलं चित्र मात्र डोक्यात राहतं, कारण काढताना तुम्ही ते नीट बघितलेलं असतं, किती रेघा आहेत, कुठली तुटकी आहे.

माझी पद्धत अशी की उघडलेल्या वहीच्या डाव्या पानावर फक्त बघितलेलं लिहायचं, म्हणजे 'पुलापाशी तुटलेलं चाक, चाकावर सहा खुणा'. उजव्या पानावर प्रश्न आणि अंदाज. या दोन्हींची सरमिसळ होऊ द्यायची नाही, हे फार महत्त्वाचं आहे, कारण तीन दिवसांनी स्वतःचाच अंदाज आपण गेमने सांगितलेली गोष्ट म्हणून वाचतो आणि मग सुतावरून स्वर्ग गाठतो. अंदाज चुकला की खोडायचा, पण गिरवून काळा करायचा नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी दोनदा तरी खोडलेल्या अंदाजाकडे परत आलोय आणि तो अर्धा बरोबर निघालाय.

आउटर वाइल्ड्समध्ये यानातलं लॉग, म्हणजे आपोआप भरणारी नोंदवही, हे काम बऱ्यापैकी स्वतः करतं, कुठली माहिती कुठून कळली याच्या रेघा जोडून देतं, आणि एखाद्या जागी अजून काही राहिलं असेल तर तसं तिथे लिहूनही ठेवतं. तिथे वहीत बघितलेलं लिहायची गरज नाही, फक्त अंदाज लिहा, ते कुठलंच लॉग तुमच्यासाठी लिहीत नाही. भिंतीवरचं ते जुनं लिखाण वळणावळणाचं असतं, एकातून दुसरी फांदी फुटलेली, ती फांदी म्हणजे कुणीतरी दिलेलं उत्तर. आधी बुंधा वाचायचा मग फांद्या, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असं होतं. कोण कुणाशी बोलतंय त्याची नावंही लक्षात घ्या, तीच माणसं दुसऱ्या ग्रहावर परत भेटतात.

एक प्रसंग जवळून

ओब्रा डिन मी आणि ताईने मिळून खेळली. ल्युकस पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने बनवलेली ही २०१८ ची गेम. १८०२ मध्ये लंडनहून निघालेलं व्यापारी जहाज १८०७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या फालमथच्या बंदरात आपोआप वाहत येतं, आत जिवंत कुणी दिसत नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे तपासनीस, यादीत ६० माणसं, आणि प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं हे तुम्ही शोधायचं. तुमच्याकडे एक घड्याळ, सांगाड्यापाशी ते उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण दिसतो. आधी काळा पडदा आणि नुसते आवाज, मग थिजलेलं दृश्य ज्यात तुम्ही फिरू शकता.

पहिलाच सांगाडा. काळा पडदा, दारावर धडाधड, बाहेरून कॅप्टनला हाक, दार उघडा म्हणतात, धमकी देतात, आतून एक आवाज उत्तर देतो आणि गोळी. मग दृश्य. मी लगेच मेलेल्या माणसाभोवती फिरायला लागलो, हा कोण, हा कोण. ताई म्हणाली, "अरे, त्याचं नाव इथे कळणारच नाहीये. पण हाक कुणाला मारली ते ऐकलंस ना? मग गोळी मारणारा कोण ते लिही की." खरंच, कॅप्टन यादीत एकच आहे. मेलेला कोण हे कोरं राहिलं आणि मारणारा मात्र पहिल्या दोन मिनिटांत सापडला. पुढची सगळी गेम आम्ही तशीच खेळलो, जे कळत नाहीये त्यावर डोकं आपटायचं नाही, या दृश्यात कळण्यासारखं काय आहे तेवढं घ्यायचं आणि पुढे जायचं.

त्यातच अजून दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. गेममध्ये तपासाच्या नोंदींसाठी एक पुस्तक मिळतं, त्यातल्या चित्रात एखाद्याचा चेहरा धूसर असेल तर त्याला ओळखण्याइतकी माहिती अजून तुमच्यासमोर आलेली नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका. चेहरा स्पष्ट झाला की मात्र उत्तर कुठेतरी तुमच्या डोळ्यांखालून गेलंय. एकदा बघितलेल्या दृश्यात हवं तितक्या वेळा परत जाता येतं, म्हणून दुसऱ्या फेरीत मेलेल्याकडे बघूच नका, कोपऱ्यात उभ्या असलेल्यांकडे बघा. कपडे काय, हातात कुठलं काम, कुणाशेजारी उभा, बोलण्याची ढब कुठल्या देशाची. आणि गेम तीन माणसं बरोबर झाल्याशिवाय 'बरोबर' असं सांगत नाही, ते अंदाजपंचे ठोकणाऱ्यांना आवरण्यासाठी आहे. दोन पक्की धरून तिसऱ्या जागी नावं फिरवत बसणं शक्य आहे, शेवटची तीन-चार उरली असतील तर मी समजू शकतो, पण मधेच ही सवय लावलीत तर साठही नावं भरतील आणि एकही माणूस तुम्हाला कळलेला नसेल.

वेळ ही पण एक जागा आहे

हे पहिल्यांदा खेळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आउटर वाइल्ड्समध्ये २२ मिनिटांचा फेरा आहे, तो संपला की परत सुरुवात, आणि या २२ मिनिटांत जग बदलत राहतं. दोन जुळे ग्रह आहेत, एकावरची वाळू दुसऱ्यावर पडत असते, लांबूनही दिसतं. म्हणजे एकाच्या गुहा हळूहळू भरत जातात आणि दुसऱ्यावर झाकलेलं उघडं पडत जातं. तेव्हा 'इथे काही नाही' असं वहीत कधीच लिहू नका, 'तिसऱ्या मिनिटाला इथे काही नाही' असं लिहा. वाट बघायची असेल तर शेकोटीपाशी झोपता येतं. मधेच गेम बंद केली तर पुढच्या वेळी नवा फेरा सुरू होतो पण लॉगमधलं जात नाही, त्यामुळे मरायचीही फार भीती बाळगू नका. हां, ऑटोपायलट, म्हणजे यान आपोआप नेणारी सोय, लावून निवांत बसू नका, तो सरळ रेषेत जातो आणि वाटेत सूर्य असला तरी बाजूला होत नाही. उतरताना मॅच व्हेलॉसिटीचं, म्हणजे यानाचा वेग समोरच्या ग्रहाशी जुळवणारं बटण वापरा, पहिले दहा फेरे तर तेच तुमचा जीव वाचवेल.

ईथन कार्टरसारख्या गेम्समध्ये सेव्ह गेम स्वतःच करते, आणि ते काहीतरी उलगडल्यावरच होतं. उठायच्या आधी सेव्हची खूण आली का बघा. दीड-दोन तासांपेक्षा जास्त एका बैठकीत खेळू नका असं सांगेन, आणि दमल्यावर थांबू नका, एखादा चांगला प्रश्न पडला की थांबा. तो प्रश्न वहीत लिहून उठायचं, दिवसभर डोक्यात किडा वळवळत राहतो आणि संध्याकाळी बसल्या बसल्या ट्यूब पेटते.

अडकलात तर

अडकणारच, त्यात काही चुकलेलं नाही. पण अडकल्यावर त्याच खोलीत चकरा मारणं बंद करा. वही उघडा, उजव्या पानावरचे प्रश्न वाचा, आणि डाव्या पानावरची अशी कुठली गोष्ट आहे जी अजून कशालाच लागू झालेली नाही ते शोधा. बहुतेक वेळा मेख तिथेच असते. ते नाही जमलं तर सरळ दुसऱ्या दिशेला निघून जा, या गेम्समध्ये एका टोकाचं उत्तर दुसऱ्या टोकाला ठेवायची पद्धतच आहे. तेही नाही तर कुणाला तरी मोठ्याने समजावून सांगा की 'हे असं आहे आणि मला हे कळत नाहीये', सांगता सांगता स्वतःलाच कळतं, माझ्या बाबतीत कितीदा झालंय.

तरीही नाही, तीन दिवस झाले, रस जायला लागला, तर मदत घ्या, त्यात कमीपणा नाही, फक्त कशी घ्यायची ते नीट ठरवा. व्हिडिओ आणि लेखी वॉकथ्रू, म्हणजे पायरीपायरीने सगळी उत्तरं सांगणारे लेख, नकोच, डोळा पुढच्या ओळीवर जातोच. युनिव्हर्सल हिंट सिस्टीम नावाची जुनी सोय आहे, १९८८ पासूनची, त्यात एका प्रश्नाच्या सूचना एकेक करून उघडतात, आधी अगदी हलका इशारा, मग थोडा जास्त, शेवटी उत्तर. पहिला इशारा वाचून गेममध्ये परत जा, दुसरा लगेच उघडू नका. त्याहून चांगलं म्हणजे आधी खेळलेलं कुणीतरी. त्याला 'काय करू' विचारू नका, 'माझ्याकडे जेवढं आहे तेवढ्यात हे सुटतं का, की अजून कुठे जायचं राहिलंय' एवढंच विचारा. हो किंवा नाही. नव्वद टक्के वेळा तेवढ्याने काम होतं.

आणि भीती वाटत असेल तर, ती खरी अडचण आहे, लाजू नका. आउटर वाइल्ड्सच्या २०२१ मधल्या जोडभागात घाबरवणाऱ्या गोष्टी कमी करायचं सेटिंग बनवणाऱ्यांनीच दिलंय, ते वापरल्याने गूढ काही कमी होत नाही.

खेळून झाल्यावर वही टाकू नका. घरातलं दुसरं कुणी तीच गेम खेळायला बसलं की शेजारी बसा, कंट्रोलरला हात लावू नका, चुकीच्या दिशेला गेलं तरी जाऊ द्या. ताई आता आउटर वाइल्ड्स खेळतेय, काल तिने विचारलं, "अरे, या जुळ्या ग्रहांवर परत जाऊ का?" मी म्हटलं, "डाव्या पानावर काय लिहिलंयस त्याबद्दल?" तिने पान उलटलं, दोन मिनिटं बघत बसली, आणि मग काही न बोलता यानाकडे निघाली.